वाया गेलेल्या यंत्रकाळाचा इतिहास

एखाद्या प्रदेशाच्या औद्योगिक इतिहासाची साधने धुंडाळू लागले म्हणजे कोनशिलांवरील नावे, भागभांडवलाचे आकडे, उद्घाटनप्रसंगीची भाषणे आणि संपांच्या तारखा ही सामग्री विपुल हाती लागते. परंतु इतक्या खटाटोपाने उभारलेली यंत्रे प्रत्यक्षात किती वेळ चालली, किती वेळ नुसती उभी राहिली, आणि चालत असतानाही अंगच्या सामर्थ्याच्या मानाने किती कमी काम करीत राहिली, याचा दाखला दप्तरांत क्वचितच सापडतो. वास्तविक कारखान्याचे भवितव्य जितके भांडवलावर आणि बाजारभावावर ठरते, तितकेच ते या अलिखित हिशेबावरही ठरत आले आहे. रेल्वेमार्गाच्या पूर्वेस सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेलात पहाटे नाक्यानाक्यावर पाळीच्या बसची वाट पाहणारी जी माणसे दिसतात, त्यांतील कोणी तळोज्यास, कोणी पाताळगंगेकाठी, कोणी रसायनीस जाणारी असतात; आणि यंत्र काल का थांबले, आज ते पुऱ्या वेगाने चालेल की नाही, हा त्यांच्या नित्याच्या बोलण्याचा विषय असतो. हा प्रश्न त्यांच्या पिढीने निर्माण केलेला नव्हे. कारखाना ही संस्था येथे रुजण्यापूर्वीच तो या भूमीवर उभा होता, आणि त्याच्या उत्तरांचाही एक क्रमवार इतिहास आहे.

पनवेल हे मुळात बंदर. मुंबईहून होडीने पनवेलच्या खाडीत यावे, तेथून रस्त्याने खोपोली गाठून बोरघाट चढावा आणि पुण्यास जावे, असा पूर्वीचा राजमार्ग होता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा बैलांच्या पाठीवरचा माल गाड्यांत आला आणि पनवेलच्या पेठेस नवे तेज चढले. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, ही गोष्टही त्या काळच्या भरभराटीची साक्ष देते. पुढे १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग पुरा झाला, तो कर्जतच्या बाजूने गेला, आणि घाटवाहतुकीचा मोठा ओघ पनवेलला वळसा घालून वाहू लागला. तथापि ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत पनवेलचा प्रमुख धंदा म्हणून ज्याची नोंद आहे, तो बैलगाडीची चाके बनविण्याचा. बाभळीच्या तुंब्यात आरे ठोकावयाचे, आऱ्यांच्या टोकांवर लाकडी पाट्यांचे वर्तुळ जुळवावयाचे, आणि गोवऱ्यांच्या आगीत लाल होईतो तापविलेली लोखंडी धाव त्या वर्तुळावर चढवून वरून पाणी ओतावयाचे. लोखंड आकसले की सारा सांगाडा असा काही आवळला जातो की सांध्यात नखही शिरू नये.

या चाकाकडे यंत्र म्हणून पाहिले तर यंत्राच्या सामर्थ्याचा ऱ्हास कोणत्या वाटांनी होतो, हे सारे त्यात दिसून येते. आरा मोडला की गाडी जागीच बसते. हे नुकसान सर्वांना दिसते आणि त्याची दुरुस्तीही तातडीने होते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते, धाव ढिली पडते, आणि जाणता गाडीवान मुक्कामाच्या ठिकाणी चाके नदीच्या पाण्यात भिजत ठेवतो. हा मोडण्यापूर्वीच घेतलेला बंदोबस्त. परंतु आसाला वंगण नसले, तर गाडी थांबत नाही, मोडत नाही, केवळ बैल अधिक दमतात आणि मजल कमी होते; दिवसाकाठी कोसभर वाट कमी झाली, याची फिर्याद कोणी कोणाकडे नेत नाही. थांबलेले यंत्र, मंदावलेले यंत्र आणि चालून माल बिघडविणारे यंत्र, हे नुकसानीचे तीन प्रकार आजच्या अभियंत्याच्या कोष्टकात मांडलेले असतात. त्यांतील पहिले दोन पनवेलच्या चाककऱ्यांना व गाडीवानांना पुरते ठाऊक होते, आणि तिसरा प्रकार पुढे भातगिरण्यांनी शिकविला.

जुना कोलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, हे भाताचे कोठार. साळ भरडण्याचे काम पिढ्यानुपिढ्या जात्यावर आणि उखळात होत असे. विसाव्या शतकात तेलाचे एंजिन आणि साळीचे टरफल काढणारा हलर आला, तेव्हा पनवेल, पेण, कर्जत या पेठांतून भातगिरण्या चालू झाल्या. अशा गिरणीची रचना साधी असे. एका बाजूस एंजिन, तेथून निघालेला रुंद पट्टा, वर आडवा फिरणारा लांब दांडा, त्यावरील पुल्यांवरून खाली उतरणारे लहान पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर फिरणारे हलर, चाळण्या व माल वर चढविणारे पेट्यांचे रहाट. एकाच दांड्यावर सर्व काही चालत असल्यामुळे वरच्या एका बेअरिंगमध्ये तेल कमी पडून ते तापले की खालची सारी गिरणी थांबे. आणि पावसाळ्याच्या दमट हवेत चामड्याचा पट्टा सैल पडून पुलीवरून घसरू लागला, म्हणजे एंजिन आपल्या वेगाने धडधडत असले तरी हलर मंद फिरे. अनुभवी चालक कानाने हे ओळखत असे, आणि पट्ट्याला राळ चोळून त्याची पकड पुन्हा आणीत असे.

परंतु भातगिरणीतले सर्वांत मोठे नुकसान थांबण्यात नव्हते. ते तांदळातच असे. साळ उन्हात फाजील वाळली तर दाण्याला आतून सूक्ष्म चिरा जातात आणि हलरमधून अख्ख्या तांदळाऐवजी कणी पडते. साळ ओलसर राहिली तर टरफल सुटत नाही, हलरचे तोंड तुंबते आणि माल दोनदा घालावा लागतो. जाड पटणी भरडून झाल्यावर नाजूक कोळंबा घ्यावयाचा, तर हलरमधील पाते आणि मधली फट पुन्हा जुळवावी लागे. ती जुळेपर्यंत पहिले एक-दोन मण बिघडत. शेतकरी आपली साळ घेऊन अंगणात बसलेला असे आणि त्याची नजर हलरच्या तोंडाकडे असे, कारण अख्खा तांदूळ किती आणि कणी किती यावर त्याचे वर्षाचे उत्पन्न ठरे. यंत्र दिवसभर चालले, हा त्याच्या दृष्टीने दाखलाच नव्हता. पोटापुरते शिकलेला तो शेतकरी गुणवत्तेच्या हानीचा हिशेब सुपात ओंजळभर तांदूळ घेऊन, पाखडून, समक्ष करीत असे. आणि त्या हिशेबापुढे गिरणीवाल्यास मुकाट्याने पाते नीट करावे लागे. १९५८ साली केंद्र सरकारने भातगिरणी उद्योगाच्या नियमनाचा कायदा केला, आणि त्यानंतरच्या काळात रबरी रोलरची यंत्रे येऊन कणीचे प्रमाण कमी झाले; तथापि साळीच्या ओलाव्याचे ज्ञान यंत्राबरोबर विकत मिळत नव्हते, ते माणसापाशीच राहिले.

भातगिरण्या येण्याच्या आधीपासूनच कोकणातील हजारो माणसे खाडी ओलांडून मुंबईच्या कापडगिरण्यांत जात होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती गिरणी सुरू झाली; त्यानंतरच्या अर्धशतकात परळ-लालबागचा परिसर भोंग्यांच्या वेळापत्रकावर जगू लागला. भातगिरणीतील एका दांड्याची जी पराधीनता वर वर्णिली, तीच येथे प्रचंड प्रमाणावर होती. एकेका वाफेच्या एंजिनावर शेकडो साचे, म्हणजे माग, आणि हजारो चात्या अवलंबून असत. एंजिनाचा वेग थोडा हलला की प्रत्येक मजल्यावर सूत तुटे. १९१५ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत टाटांचे जलविद्युत्-केंद्र सुरू झाले, लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून घाट उतरून येऊ लागले आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा येथील केंद्रे त्यास जोडली गेली. पनवेलच्या शेजारच्या डोंगरांनी मुंबईच्या यंत्रांना दिलेली ही देणगी केवळ शक्तीची नव्हती, स्थिर वेगाची होती. आणि ज्यांनी ज्यांनी दांडा काढून यंत्रास स्वतंत्र मोटार बसविली, त्यांच्याकडे एकाच्या बिघाडाने सर्वांनी थांबण्याची परंपरा संपली.

शक्तीचा प्रश्न असा सुटू लागताच दुसरा प्रश्न उघडा पडला, आणि तो यंत्राचा नसून माणसांच्या परस्परविश्वासाचा होता. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली, जपानी कापडाची स्पर्धा वाढली, आणि १९२६ नंतर सासून समूहाच्या व आणखी काही गिरण्यांनी कार्यक्षमता वाढविण्याची योजना म्हणून विणकराकडे दोन साच्यांऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्याकडे एका बाजूऐवजी दोन बाजू सोपविण्यास प्रारंभ केला. कागदावर ही योजना निर्दोष होती. परंतु साचेखात्यात उभे राहून पाहणारास एक गोष्ट तत्काळ कळत असे: धोट्यातील कांडी संपली, ताण्याचा धागा तुटला, की साचा थांबतो; विणकर तो धागा सांधीत असताना दुसरा साचा थांबला तर तो आपली पाळी येईतो उभा राहतो; आणि सूत हलक्या कापसाचे व कच्चे असेल तर हे थांबणे इतके वाढते की तिसरा साचा देऊनही कापड त्या मानाने वाढत नाही. सूत सुधारा, खळ सुधारा, हवेतील ओलावा राखा, मग साचे वाढवा, हा कामगारांच्या बाजूचा युक्तिवाद वस्तुतः शुद्ध अभियांत्रिकीचा होता; परंतु वेतन, दंड आणि कपात यांच्या गदारोळात त्याचे शास्त्रीय स्वरूप झाकले गेले.

१९२८ च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांत जो सार्वत्रिक संप झाला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते, गिरणी कामगार युनियनचा जन्म त्याच संपात झाला, आणि शेवटी सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या संपाची राजकीय मीमांसा पुष्कळांनी केली आहे. यंत्रकाळाच्या इतिहासात त्याचे स्थान निराळे आहे. कार्यक्षमता म्हणजे आपल्या मानेवर आणखी एक साचा, अशी समजूत त्या वर्षापासून महाराष्ट्रातील कामगाराच्या मनात घर करून बसली; आणि साचा किती वेळा व का थांबला, हे खरे सांगितले तर त्याचा उपयोग आपल्याविरुद्धच होईल, ही भीती एका पिढीने दुसऱ्या पिढीस दिली. यंत्राच्या थांबण्याचा जो सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार, तोच अशा रीतीने साक्ष देण्यास नाखूश झाला. मुंबईच्या गिरण्यांनी पुढच्या अर्धशतकात ज्या अनेक संधी गमावल्या, त्यांत ही साक्ष गमावणे ही लहान गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्यानंतर या जखमेवर उपाय करण्याचे प्रयत्न झाले, ते कृतज्ञतेने नमूद केले पाहिजेत. १९५२ ते १९५४ या काळात आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे उत्पादकता-पथक भारतात येऊन गेले. १९५४ साली मुंबईत वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठी ‘बिट्रा’ ही संस्था निघाली. १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. आणि १९६३ साली पवईच्या परिसरात विहार तलावाजवळ ‘नीटी’ ही औद्योगिक अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. हातात घड्याळ घेऊन यंत्रापाशी उभा राहणारा माणूस हा मालकाचा गुप्तहेर नसून कामाचा अभ्यासक आहे, ही कल्पना या संस्थांनी हळूहळू रुजविली.

पनवेलच्या बाजूस मोठा कारखाना या शब्दास शोभेल असे काही याच सुमारास आले. १८७२ पासून येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी स्थापन केलेल्या श्रीधूतपापेश्वराची आयुर्वेदीय औषधे तयार होत होतीच. परंतु १९६० च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने पाताळगंगेच्या खोऱ्यात जो प्रकल्प उभारला, त्याने एका नव्या वसाहतीस रसायनी हे नावच दिले. नायट्रोबेंझीन, अॅनिलीन आणि रंग, औषधे, रबर यांच्या धंद्यास लागणारी इतर रसायने तेथे होऊ लागली. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे तळोजे आणि पाताळगंगा येथे औद्योगिक क्षेत्रे पाडली, १९७० साली सिडको आली, आणि भातखाचरांच्या जागी रस्ते, सेक्टर व शेड यांची आखणी सुरू झाली.

रासायनिक कारखान्यातील यंत्रकाळाचे शास्त्र कापडगिरणीहून वेगळे आहे. साचा थांबला तर तो धागा सांधून क्षणात चालू होतो. पण सतत चालणारा रासायनिक संच एकदा थंड झाला, की तापमान, दाब आणि प्रवाह पुन्हा स्थिर होईपर्यंत कित्येक तास जातात, आणि त्या अवधीत निघालेला माल कसोटीस उतरत नाही. उष्णता पोचविणाऱ्या नळ्यांच्या आत थर बसतो तो दिवसेंदिवस, कोणास न कळता. संच बंद पडत नाही, फक्त कालच्याइतका माल घ्यावयास आज थोडा अधिक वेळ लागतो. आम्लांनी पंपाचे पाते झिजते, कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलाव्याने आणि खाडीवरच्या खाऱ्या हवेने विजेच्या पेट्यांतील जोड गंजतात. बैलगाडीच्या आसाला वंगण नसल्याने जी मजल नकळत घटे, तिचीच ही थोर भावंडे होत.

या विखुरलेल्या अनुभवांस एका सूत्रात ओवण्याचे श्रेय जपानकडे जाते. तेथे टोयोटास सुटे भाग पुरविणाऱ्या निप्पॉन्देन्सो या कंपनीने यंत्रांच्या निगेचे काम केवळ दुरुस्तीखात्याकडे न ठेवता यंत्र चालविणाऱ्या प्रत्येक कामगाराकडे सोपविले, आणि १९७१ साली तिला त्याबद्दल पारितोषिक मिळाले. सेइची नाकाजिमा यांनी ही पद्धती शब्दबद्ध केली, आणि १९८० नंतरच्या दशकांत ती जगभर पसरली. नाकाजिमांनी यंत्राच्या सामर्थ्याची हानी सहा वाटांनी होते असे मांडले: बिघाड, माल बदलताना साचा अथवा डाय बदलण्यात व जुळविण्यात जाणारा वेळ, क्षणोक्षणीचे लहान अडथळे, ठरलेल्यापेक्षा मंद वेग, सदोष माल, आणि यंत्र सुरू करताना स्थिरता येईपर्यंतची नासाडी. पहिल्या दोहोंमुळे यंत्राची उपलब्धता घटते, मधल्या दोहोंमुळे गती, आणि शेवटच्या दोहोंमुळे गुणवत्ता. या तीन अंशांचा गुणाकार म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता.

गुणाकार हा यातला मर्माचा भाग आहे, आणि तो एका कल्पित पाळीच्या आधारे पाहता येतो. समजा, पाळीतील कामाचा वेळ ४५० मिनिटे आहे आणि त्यातील ६० मिनिटे बिघाड व डाय बदलणे यांत गेली. उरलेल्या ३९० मिनिटांत, मिनिटास एक या ठरल्या वेगाने, ३९० नग व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ३१२ झाले, आणि त्यांतील ६ नापास ठरले. उपलब्धता सुमारे ८७ टक्के, गती ८० टक्के, गुणवत्ता ९८ टक्के, असे तीन आकडे वेगवेगळे वाचले तर कोणत्याही खात्यास लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु ४५० नगांच्या जागी चांगले नग ३०६ निघाले, म्हणजे यंत्र ६८ टक्केच कामी आले. नाकाजिमांनी जो ८५ टक्क्यांचा आदर्श सांगितला, तो या तिन्ही बाजूंस अनुक्रमे ९०, ९५ आणि ९९ टक्के गाठल्यावर येतो. प्रत्येक खाते आपापल्या खातेवहीत शिलकीत असताना सारा कारखाना तोट्यात कसा जातो, याचे उत्तर या साध्या अंकगणितात आहे.

या उदाहरणातील सर्वांत मोठी गळती कोठे आहे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बिघाड आणि डाय मिळून ६० मिनिटे गेली, ती सर्वांनी पाहिली, रजिस्टरात चढली, फिटरला हाक गेली. परंतु ७८ नग जे झालेच नाहीत, त्यांची नोंद कोठेच नाही. फीडरमध्ये नग आडवा अडकला, कामगाराने हात घालून सरळ केला. डोळ्यासारखा काम करणारा सेन्सर धुळीने माखला, फडक्याने पुसला. कच्चा माल आणणारी ढकलगाडी दोन मिनिटे उशिरा आली. कडक बार आल्यामुळे हत्यार तुटेल या धास्तीने मागच्या पाळीतील कोणी वेग थोडा उतरविला, आणि तो पुन्हा चढविण्याचे कोणास सुचले नाही. यांतील एकही घटना तक्रार करण्याजोगी नाही, आणि त्या सर्वांचा मिळून वेळ त्या मोठ्या बिघाडाहून अधिक भरतो. डाय बदलण्याच्या वेळेचेही असेच होते: यंत्र बंद करून मग पाना शोधावयाचा, मग नटाची मापे पाहावयाची, मग क्रेन रिकामी होण्याची वाट पाहावयाची, ही रूढी इतकी अंगवळणी पडलेली असते की ती दोष म्हणून दिसत नाही. शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ च्या सुमारास मोठ्या प्रेसचा साचा बदलण्याचा चार तासांचा वेळ प्रथम दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला, तो नवे यंत्र घेऊन नव्हे. यंत्र चालू असतानाच करता येण्याजोगी कामे आणि यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे यांची फारकत करून.

मोठ्या संकटापुढे माणूस शौर्य दाखवितो, याचा दाखला आपल्याच परिसरात आहे. १९८९ च्या जुलैत पाताळगंगेस महापूर आला आणि रिलायन्सच्या पॉलिएस्टर संकुलात पाणी व गाळ शिरून सारी यंत्रे बुडाली. अभियंते व कामगार अहोरात्र राबले, मोटारी धुऊन-वाळवून पुन्हा जोडल्या, आणि तज्ज्ञांनी सांगितलेल्या अवधीच्या कितीतरी आधी उत्पादन सुरू झाले. ती कामगिरी स्मरणात राहिली, हे योग्यच झाले. परंतु प्रत्येक कारखान्यात रोज थोडथोडे शिरणारे पाणी कोणास दिसत नाही, आणि ते उपसण्याचा पराक्रम कोणाच्या नावे लागत नाही. ज्या फिटरच्या देखरेखीखाली यंत्र वर्षभर थांबलेच नाही, त्यास शाबासकी देण्याची रीत आपल्या कारखान्यांत अद्याप दृढ झालेली नाही. रात्री दोन वाजता येऊन बंद यंत्र चालू करणाऱ्याचा सत्कार मात्र होतो.

येथे एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. यंत्रकाळाचा हिशेब कितीही चोख ठेवला, तरी यंत्राबाहेरची कारणे त्यास पुरून उरतात. पनवेलच्या भातगिरण्यांचा माल यायचा थांबला, कारण साळ पिकविणारी खाचरेच नव्या शहरासाठी संपादित झाली; १९८४ च्या जानेवारीत जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तो याच स्थित्यंतराचा वेदनामय अध्याय आहे. रसायनीच्या सरकारी कारखान्याच्या बाबतीत २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने एक संच सोडून तेथील इतर संच बंद करण्याचा निर्णय घेतला. स्वस्त आयात, जुने तंत्र आणि खेळत्या भांडवलाची टंचाई अशी त्याची अनेक कारणे होती, आणि ती सारी यंत्राशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून यंत्र कमी चालले की दोष कामगाराचा, ही जी सोपी समजूत चालत आली, तिला इतिहासाचा आधार नाही.

इतिहास जे सांगतो ते याहून नेमके आहे. भातगिरणीतला हिशेब खरा असे, कारण सुपात तांदूळ पाखडणारा शेतकरी आणि पाते जुळविणारा चालक समोरासमोर असत आणि दोघांनाही तो हिशेब हवा असे. कापडगिरणीतला हिशेब खोटा ठरला, कारण ज्याने तो द्यावयाचा त्यालाच त्याची किंमत मोजावी लागणार होती. जपानी पद्धती यशस्वी झाली, कारण तिने वंगणाची तेलदाणी, पुसण्याचे फडके आणि नोंदीची वही ही तिन्ही यंत्र चालविणाऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने सांगितलेल्या अडथळ्यास शिक्षेचे कारण न मानता कामाचा विषय मानले. तळोज्यातील एखाद्या लहान कारखान्यास आज महागडी संगणकयंत्रणा न घेताही हे करता येईल: प्रत्येक यंत्राशी एक वही, प्रत्येक लहान थांबणे चालविणाऱ्याने स्वतः लिहिलेले, आणि आठवड्यातून एकदा फिटर, पर्यवेक्षक व कामगार यांनी ती वही एकत्र बसून वाचणे. पगाराशी, कपातीशी किंवा बढतीशी त्या वहीचा संबंध जोडला, की त्या दिवसापासून तिच्यातील नोंदी सुंदर आणि निरुपयोगी होतील.

आणखी एक कर्तव्य आपणा सर्वांचे आहे. या परिसरातील कारखाने बंद पडतात, तेव्हा त्यांची यंत्रे मोडीत जातात आणि पाळीची रजिस्टरे, बिघाडाच्या वह्या, दुरुस्तीची चोपडी रद्दीत जातात. उद्योगाचा खरा इतिहास लिहावयाचा तर तो या वह्यांवरूनच लिहावा लागेल. उत्पादनाचा वार्षिक आकडा किती होता, हे ताळेबंद सांगतो, पण तो तेवढाच का राहिला, हे केवळ त्या तेलकट पानांवर असते. २०१६ पासून पनवेलला महानगरपालिका आहे, परिसरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, आणि रसायनी-तळोज्यातून निवृत्त झालेली, यंत्राचा आवाज ओळखणारी माणसे नवीन पनवेलच्या सेक्टरांत आजही राहत आहेत. त्यांच्या वह्या मिळवून, त्यांच्या आठवणी टिपून, एक दप्तर उभारणे हे मोठ्या खर्चाचे काम नाही. आणि ते झाले तर या खोऱ्यात उद्या यंत्र चालविण्यास येणाऱ्या तरुणास आपल्या आधीच्या चार पिढ्यांनी तोच प्रश्न कसा हाताळला, हे शून्यापासून शिकावे लागणार नाही.